गुरुवारची टेप

तापाने बायकोच्या, कुमुदच्या, डोक्यातली स्मृतिचकती कोरी झाली, तेव्हा अच्युतराव घाबरले नाहीत. गावात तीन कंपन्यांच्या चकत्या होत्या. तिन्हींची नक्कल टेपवर उतरवणारी एकच प्रणाली त्यांनी वर्षभर माहितीपुस्तकं चाळून गावासाठी निवडली होती. दर गुरुवारी टेप भरायची आणि हिरवा दिवा लागायचा. खंडेनवमीला ते यंत्राला झेंडू वाहायचे. टेपवरची स्मृती परत भरून पाहण्याची चाचणी मात्र कधीच झाली नव्हती. त्यासाठी धडधाकट माणसाची चकती पुसावी लागली असती, आणि जिवंतपणी असलं अभद्र कोण करणार?

आज पहिल्यांदाच टेपवरची स्मृती परत भरावी लागली. तासाभराने कुमुदने डोळे उघडले.

"काय काय आठवतंय गं?"

"आपलं लग्न," ती हसून म्हणाली. "नंदूचा गोवर. दापोलीची सहल. अहो, तुमचं घोरणंसुद्धा आहे की इथे!"

अच्युतरावांचा जीव भांड्यात पडला. "दापोलीला काय गंमत झाली होती, सांग बघू."

ती बराच वेळ शोधत राहिली. "नुसतं नाव आहे. आत काहीच नाही."

"आणि लग्नात?"

"तिथेही नाही." ती ओशाळली, जणू चूक तिचीच होती. "तुम्ही नीट बघूनच घेतलं होतंत ना हो?"

गावातल्या निम्म्या लोकांच्या डोक्यात कुमुदच्याच कंपनीची चकती होती. त्यांच्याही टेपांवर नुसती नावंच असणार, हे अच्युतरावांना कळून चुकलं.

तेवढ्यात यंत्र आपोआप सुरू झालं. आज गुरुवार होता. कुमुदची ती रिकामी नावं त्याने एकेक करून टेपवर उतरवली आणि हिरवा दिवा लावला.