डाव्या गालाची हजेरी

“चेहरा जुळत नाही,” फोनने चौथ्यांदा सांगितलं आणि मुकादमाने घड्याळाकडे पाहिलं. सात वाजायला तीन मिनिटं. सातनंतर हजेरी लागत नव्हती, आणि महिन्यात तीन गैरहजेऱ्या झाल्या की नाव कटत होतं. आठव्या मजल्यावालीच्या दोन झाल्या होत्या. आता ती रोज पावणेसातच्या ठोक्याला दारात उभी असायची, हा भाग वेगळा. ती मुकादमाला दिसत होती, लिफ्टवाल्याला दिसत होती. कंपनीला तेवढी दिसत नव्हती.

नऊ मजल्यांच्या त्या कचेरीत झाडू-फरशी करणाऱ्या प्रत्येकाने आपापल्या फोनला तोंड दाखवून हजेरी लावायची, असा नियम तीन आठवड्यांपूर्वी आला होता. फोन कंपनी देणार नव्हती. कंपनी नियम देणार होती. आठव्या मजल्यावालीने दुकानातला सगळ्यात स्वस्त फोन घेतला, त्यात प्रीपेड कार्ड घातलं आणि सगळ्यात लहान पॅक मारला. कॅमेरा असा, की त्यात कुणीही नुकतीच वाईट बातमी ऐकल्यासारखं दिसावं. पण फोन तिच्या नावावर होता. आपल्या नावावरची ही पहिलीच वस्तू, असं ती लिफ्टवाल्याला सांगत होती, तेव्हा चक्क हसली होती म्हणे.

घोटाळा झाला तो नोंदणीच्या दिवशी. फोन घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी ती आली ती डावा गाल टम्म सुजवून. “दाढ का?” मुकादमाने विचारलं. तिने मान हलवली. मुकादमाने लवंगेचं तेल सुचवलं, लिफ्टवाल्याने मिठाच्या गुळण्या, आणि या वैद्यकीय परिषदेच्या गडबडीत तिचा फोटो निघून कंपनीकडे गेलाही. आठवड्याभरात सूज उतरली. फोन मात्र सुजेवर अडून बसला. मुकादमाने फोटो बदलून मिळावा म्हणून अर्ज केला. मूळ चेहऱ्यात बदल करण्याचे कारण नमूद करावे, असं उत्तर आलं. त्याने ‘सूज उतरली’ असं कारण नमूद केलं. त्यावर अर्ज विचाराधीन झाला.

आणि आता सात वाजायला दोन मिनिटं उरली होती. मुकादमाचं डोकं चाललं. त्याने प्रथमोपचाराची पेटी उघडली, कापसाचा चांगला लिंबाएवढा गोळा वळला आणि तिच्या हातावर ठेवला. डाव्या गालात धर म्हणाला. ती गोळ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग भिंतीकडे वळली, तोंडात गोळा सारला आणि पुन्हा फोनसमोर आली. हिरवी खूण उमटली. मुकादमाला इतका आनंद झाला, की दिवसभर भेटेल त्याला तो ही युक्ती सांगत सुटला.

पुढचे तीन महिने हे असंच चाललं. मुकादम सकाळी आला, की आधी गोळा वळून ठेवायचा. ती भिंतीकडे तोंड करून गाल फुगवायची, हजेरी लावायची आणि गोळा कचऱ्यात टाकून वर जायची. एवढं काय लाजायचं ते, असं मुकादमाला वाटे. तिची एक गोष्ट मात्र तो बाकीच्यांना उदाहरण म्हणून सांगत असे. संध्याकाळी घरी जाताना ती फोन रुमालात गुंडाळून झाडूंच्या कपाटात ठेवून जायची. वस्तू जपावी तर अशी, तो म्हणायचा. लिफ्टवाला म्हणायचा, मग घरच्यांनी फोन करायचा कुणाला, झाडूला?

मग वरून हुकूम आला, की कपाटात खासगी वस्तू ठेवू नयेत. हुकूम म्हटला की मुकादम तत्पर. त्याने त्याच संध्याकाळी कपाट रिकामं करून घेतलं. तिने एकच दिवसाची सवलत मागितली. नियम म्हणजे नियम, त्याने सांगितलं. फोन पिशवीत तळाशी घालून ती गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्जाला मंजुरी आली. मुकादम दारातच तिची वाट बघत उभा राहिला. ती आली ती मान खाली घालून. तिने फोन समोर धरला, कापूस न घेताच. फोनने तिला पहिल्या झटक्यात ओळखलं.

घ्या, मुकादम म्हणाला, आज मंजुरी आली आणि आजच याला अक्कल आली. पण आलीच आहे मंजुरी, तर नवा फोटो काढून टाकू. नवा चढला, की जुना आपोआप पुसला जातो, कायमची कटकट मिटते. असं म्हणत त्याने फोन तिच्या हातून घेतला आणि कॅमेरा तिच्यावर धरला. त्या भिकार कॅमेऱ्यातही दिसायचं ते दिसलं.

“पुन्हा दाढ?” त्याने विचारलं.

“दाढ मला कधी दुखलीच नाही, मुकादम. तेव्हा फोन घेतला म्हणून. काल नवऱ्याला फोन दिला नाही म्हणून.”

मुकादमाच्या दुसऱ्या हातात सवयीने वळलेला कापसाचा गोळा होता. तो कुठे ठेवावा, हे त्याला सुचेना.

तिने आपला फोन त्याच्या हातातून काढून घेतला.

“जुना फोटो पुसू नका,” ती म्हणाली. “तारखेसकट कागदावर काढून द्या. पोलीस चौकीत आजच्या शेजारी लावायचाय.”