घड्याळाची टिकटिक

ओढ्याकाठच्या त्या घरात पाण्याच्या खळखळाटामुळे कुणाचं बोलणं कुणाला धड ऐकू यायचं नाही. आज मात्र भर दुपारी नव्या सुनेला चक्क भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली.

"अहो आई, ओढा आटलाय! मासे नुसते हातानं वेचतायत लोक," ती हरखून म्हणाली.

सासू ताडकन उठली. "अगं, वर डोंगरात आठवडाभर पाऊस कोसळतोय, ओढा आटेल कसा? दरड पडून पाणी तुंबलंय वर! गुरं सोड आणि टेकडीवर पळ. माझा लेक कुठाय?"

"ते... टोपली घेऊन ओढ्यातच उतरलेत. सगळा गाव उतरलाय."

बोलता बोलताच सुनेला सगळं उमगलं. ती दाराकडे धावली, आणि डोंगराकडून आलेल्या पाण्याच्या गडगडाटात मागची टिकटिक ऐकू येईनाशी झाली.