शेवाळाखालचं वासरू
बालवाडीच्या अंगणात आम्ही गोठा मांडला होता. स्प्रूसच्या झाडाच्या बोंडाला चार काड्या खोचल्या की झाली गाय. फिनलंडात हे पोरांना शिकवावं लागत नाही. चार वर्षांच्या हिलानं मात्र आपल्या वासराचा पाय मोडला आणि त्याला शेवाळाखाली दडवलं. "अगं, का मोडलास?" "मी नाही, सिर्पाबाई. बैलानं मोडला." तिनं सगळ्यांत मोठं बोंड दाखवलं. "तो घरी आला की गाय रडते, वासरू लपतं." "आणि सापडलं तर?" हिलानं बाही खाली ओढली, पण मनगटावरचे निळे डाग मला दिसलेच. इतक्यात फाटक वाजलं. "चल गं पोरी, घरी!" तिचा बाबा कुंपणावरून हसत होता. "बैल झकास केलायस! माझ्यासाठी ना?" मी धावत जाऊन फाटकाची कडी आतून घट्ट धरली. मागं चिमुकली हिला उरलेलं शेवाळ स्वतःच्या डोक्यावर ओढत होती.