काळी फीत

निघोज्याच्या जत्रेत मालोजी कर्ण्यावरून कुस्त्यांचं वर्णन करायचा. कर्णा बिडी कारखानेवाल्या हिंदुरावांच्या खर्चानं लागायचा, म्हणून दर कुस्तीआधी त्यांच्या बिडीचं नाव पुकारावं लागे.

छप्पन साली ज्ञानू पैलवान दंडाला काळी फीत बांधून आखाड्यात उतरला. "माझी कुस्ती संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबईच्या गोळीबारात गेलेल्या हुतात्म्यांच्या नावानं," एवढंच तो बोलला, तर हिंदुरावांनी त्याला भर मैदानातून हुसकून लावलं. "आखाड्यात राजकारन चालायचं न्हाई!" म्हणाले, आणि घटकाभरानं त्याच कर्ण्यावरून आपल्या पक्षाच्या मंत्र्याचा जयजयकार मात्र मालोजीकडून तीनदा करवून घेतला.

पुढच्या साली निवडणुकीत तो पक्ष तालुक्यात सपाटून आपटला. लगेच आलेल्या जत्रेत हिंदुराव स्वतःच दंडाला काळी फीत बांधून हजर! त्यांनी मालोजीच्या हातात चिठ्ठी कोंबली: 'शेवटची मोठी कुस्ती हुतात्म्यांच्या नावानं, बिडीवाल्या हिंदुरावांतर्फे.'

"आन् गेल्या साली ज्ञानूला का हाकलला, हिंदुराव?"

"तवा ते राजकारन व्हतं. आता जाहिरात हाय. वाच गुमान!"

मालोजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गर्दीत मान खाली घालून बसलेल्या ज्ञानूकडे त्यानं एकवार पाहिलं आणि माइक तोंडाशी धरला.



"शेवटची मोठी कुस्ती हुतात्म्यांच्या नावानं, ज्ञानू पैलवानातर्फे! उतर रं ज्ञानू, गेल्या साली अडवलेली तुझीच कुस्ती हाय ही!"