मधले साडेसहा तास

दोऱ्याचं एक टोक तिने पृथ्वीच्या गोलावर आपल्या शहराशी दाबून धरलं आणि दुसरं नवऱ्याच्या पहिल्या बायकोच्या शहरापर्यंत ताणलं. कडेवरचं दीड वर्षाचं बाळ तो दोरा खायला बघत होतं.

"नऊ हजार चारशे किलोमीटर," ती म्हणाली. बाळ होईपर्यंत ती शाळेत भूगोल शिकवायची. अंतर अंदाजाने नाही, दोऱ्याने मोजायचं, असं पोरांच्या डोक्यात तिनेच ठासून भरलं होतं. "थेट विमानाला अकरा तास. तुला साडेसतरा कसे लागतात?"

"थेट विमान रोज नसतं, बाईसाहेब." नवरा बॅग भरत होता. "मध्ये उतरावं लागतं. साडेसहा तास खुर्चीत बसून मान आखडते माझी."

"घरी येतोस तेव्हा तर चांगली ताठ असते."

तो हसला. तिकडच्या लेकीसाठी घेतलेला पिवळा फ्रॉक त्याने सगळ्यात वर ठेवला. तिने हळूच माप पाहिलं. सहा वर्षांचं. लेकीला तर आठ पुरी होत आली होती. लाडकी लेक बापाच्या डोळ्यांत वाढतच नाही म्हणायची, असं तिच्या मनात आलं. बाळाचं माप विचारलं असतं, तर सांगता आलं असतं त्याला?

दर दोन महिन्यांनी चार दिवस. तिकडे असताना फोन करायचा नाही, पोर हिरमुसते. हे सगळं तिने गिळलं होतं. ते साडेसहा तास मात्र घशाखाली उतरत नव्हते. थेट गेला, तर ते कोणाच्या वाट्याला जातात, हे समजायला गोल लागत नव्हता.

"सवतीवर जळतात हे ऐकलं होतं," धाकटी बहीण फोनवर म्हणाली. "तू तर वेळापत्रकावर जळतेस, ताई!"

"वेळापत्रक खोटं बोलत नाही."

शुक्रवारी संध्याकाळी तो निघाला. विमान रात्री नऊचं होतं. शनिवारी सकाळी साडेनऊला, तिकडे दुपारचे अडीच वाजले असताना, तिने बाळाला खुर्चीत बसवलं, हातात चमचा दिला आणि फोन लावला. त्या घरचा नंबर तिने लग्न झालं त्याच वर्षी उतरवून ठेवला होता. त्याच्या म्हणण्याप्रमाणे तो अजून वाटेत असणार. थेट गेला असेल, तर एव्हाना तिथे पाय पसरून बसलेला असणार. मागे त्याचा आवाज आला की झालं.

फोन पोरीने उचलला. "आई बाहेर गेलीय. कोण बोलतंय?"

तिने आपण कोण ते सांगितलं. पलीकडे सामसूम. खोकला नाही, हसणं नाही, कुणाची चाहूल नाही. तिला हायसं वाटलं, मग लाजच वाटली. एवढ्याशा पोरीच्या घराला आपण कान लावून बसलोय!

"अगं, काही नाही," ती शक्य तितक्या मायेने म्हणाली. "बाबा संध्याकाळी पोचतील हं. फ्रॉक घेतलाय तुला."

"आज? खरंच?" पोर इतक्या जोरात ओरडली की बाळाच्या हातातला चमचा पडला. मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. "म्हणजे तुम्ही सोडलंत त्यांना?"

"सोडलं म्हणजे?"

"तुमचं बाळ झाल्यापासून ते एकदाही आले नाहीत ना. तुम्ही सोडत नाही, असं ते फोनवर सांगतात."