गिअरबॉक्सचा दिवा

दिवा पुन्हा लागला होता. स्टिअरिंगच्या मागे, दातेरी चाकाचं चित्र असलेला तो पिवळा दिवा. "पाह्य, लागला का नाही?" गॅरेजच्या दारात गाडी थांबवत रमाकांत म्हणाले. आवाजात तक्रार कमी आणि विजय जास्त होता. शेजारी बसलेल्या सुलभाबाई मात्र त्या दिव्याकडेच बघत राहिल्या.

गाडी जावयाची. जुनी, पण ऑटोमॅटिक. त्याने पुण्यात दुसरी घेतली आणि ही संग्रामपूरला सासऱ्यांकडे पाठवली. तहसीलमधून कारकून म्हणून निवृत्त झालेल्या, जन्मभर शेतावर ट्रॅक्टरही चालवलेल्या रमाकांतांना आधी ती पटलीच नव्हती. जिला क्लच नाही ती कसली गाडी! पण सुलभाबाईंचे गुडघे एसटीच्या पायऱ्या चढू देत नव्हते. रमाकांतांना शुगर होती, पायांना मुंग्या यायच्या; त्यासाठी डॉक्टरकडे शेगावला जावं लागे. या गाडीच्या जिवावर दोघं म्हातारे कुणाच्या तोंडाकडे न बघता नांदत होते. दिव्याची गोष्ट कानावर गेली तशी लेक निवेदिताने फोनवर निकालच देऊन टाकला. गिअरबॉक्स गेला असेल तर गाडी भंगारात द्या आणि दोघंही पुण्याला या.

सुलभाबाईंना पुण्याला जायचं नव्हतं. तिथल्या आठव्या मजल्यावर त्यांचा जीव गुदमरायचा. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला सांगून उपयोग नव्हता आणि लेकीला सांगून भांडण झालं असतं.

संघपाल मेकॅनिक या दिव्यापुढे हात टेकायच्या बेताला आला होता. त्याने स्कॅनर लावून पाहिला. गिअरबॉक्सचं ऑइल तापून राह्यलं, एवढंच ते यंत्र सांगत होतं. त्याने ऑइल बदललं. स्वतः शेजारच्या वरवट बकालपर्यंत गाडी चालवून आणली. दिवा गप्प. रमाकांतांनी ती घरी नेली, की दिवा हजर. गल्लीतल्या लोकांनी तोवर आपापली निदानं करून टाकली होती. कुणीतरी बंपरला लिंबू-मिरचीही बांधून गेलं होतं.

आज संघपालने बोनेट उघडलंच नाही. तो पुढच्या चाकापाशी उकिडवा बसला आणि बाटलीतलं थोडं पाणी त्याने चाकावर शिंपडलं. तव्यावर पडावं तसं ते चुर्रकन वाजलं. तो हात पुसत उठला.

"काका, आता तुम्हीच चालवा. मी बाजूले बसतो."

"काऊन? माझी परीक्षा घेतो का?"

"तुमची नाही हो. गाडीची."

रमाकांत नाकावर माशी बसू न देणारे. पण गाडीची परीक्षा म्हटल्यावर ते चढून बसले. सुलभाबाई न विचारताच मागच्या सीटवर जाऊन बसल्या. निकाल काय लागायचा तो आपल्यासमोर लागू दे, असं त्यांना वाटलं.

रस्त्याला कापसाचे ट्रॅक्टर होते. रमाकांत जपून, बेतानं चालवत होते. सुलभाबाई त्यांच्या खांद्यावरून दिव्याकडे बघत होत्या आणि मनातल्या मनात देवाला हात जोडत होत्या. गाव मागे पडलं आणि दिवा लागला. संघपालचं दिव्याकडे लक्षच नव्हतं. तो खाली बघत होता.

"काका, थांबवा जरा." गाडी कडेला थांबली तसा तो हसला. "गिअरबॉक्सले काहीच झालं नाही. तुमचा डावा पाय ब्रेकवर राह्यते. उजव्यानं रेस, डाव्यानं ब्रेक. गाडी पळते बी अन् अडते बी, म्हणून तं चाक तव्यावानी तापलं. मंग ऑइल तापणार नाही तं काय?"

"ब्रेकवर? माझ्या तं ध्यानातच नाही आलं," रमाकांत म्हणाले.

"इकडे जीप, ट्रॅक्टर चालवलेले सारेच असं करतात. क्लच सापडत नाही, तं पाय ब्रेकवर जाते. या गाडीत त्या पायाले कामच नाही. मागं ओढून घ्या त्याले, सीटखाली."

सुलभाबाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांना एकदम हसू आलं. "जन्मभराची सवय हो यांची. घरी खुर्चीत बसूनही क्लच दाबत असतील." रमाकांत ओशाळून हसले. संघपालही हसला. सुलभाबाईंनी तेवढ्यात निवेदिताला करायचा फोनही मनात जुळवून टाकला. गाडी ठणठणीत आहे, तुझे बाबाच अडाणी, असं सांगायचं. पुण्याचं नावसुद्धा काढायचं नाही.

"ओढला मागं," रमाकांतांनी जाहीर केलं. सगळे जरा वेळ थांबले, ऑइल निवू दिलं. दिवा विझला. गाडी परत गावाकडे निघाली. सुलभाबाई खुशीत संघपालला घरी चहाला यायचा आग्रह करत होत्या. तो आधी हो-हो म्हणत होता, मग खाली बघू लागला. मग खिडकीबाहेर.

सुलभाबाईंनी समोर पाहिलं. दिवा लागला होता.

त्या दोन सीटच्या मधून पुढे वाकल्या. रमाकांतांचा डावा पाय चपलेसकट ब्रेकवर होता, चांगला भार देऊन.

त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अहो, तो डावा पाय उचला."

रमाकांतांनी रस्त्यावरची नजर हलवली नाही.

"मघाचाच उचलला ना," ते म्हणाले. "सीटखाली आहे, पाह्य."