डाव्या बाजूची किडनी

"मग दुसरी काढा ना," आई म्हणाली. "ती चांगली आहे म्हणता ना?"

डॉक्टर यादगारोवांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अम्मा, डाव्या किडनीत चरबीची गाठ आहे. कर्करोग नाही. किडनी बाहेर काढली की आधी गाठ कोरून टाकू, मगच ती तुमच्या मुलाला बसवू. देणाऱ्यालाही जगायचं असतं. चांगली त्याच्यापाशीच ठेवतात."

"हिला आता कुठं मुलंबाळं व्हायचीयत? त्याचं अख्खं आयुष्य पडलंय."

किडनी देणारी थोरली लेक झुलखुमोर भिंतीकडे बघत राहिली. गाठ सापडल्यापासून ताश्कंदमधल्या सगळ्या नातेवाइकांना अक्कल फुटली होती. मावशी फोनवर म्हणाली, नासकं फळ कुणी पाहुण्याला देतं का. शेजारीण अक्रोडाच्या पाल्याचा काढा घेऊन आली. नवरा तर गाडीचा सुटा भाग असावा तसा विचारत होता, दुरुस्त करून बसवलेली किती टिकते? ती सगळ्यांना तेच तेच समजावत होती, वर्गातल्या ढ पोरांना समजवावं तसं. आपल्याला काय वाटतं हे सांगायची वेळ मात्र आली नव्हती.

धाकटा भाऊ बहरोम खुर्चीत अंग चोरून बसला होता. डायलिसिसच्या सुयांनी हातावरची शीर दोरखंडासारखी फुगलेली.

"तू का गप्प?" ती त्याच्यावर उखडली. "हवीय की नको, एकदा तोंडानं सांग."

"नको."

"गाठीची आहे म्हणून?"

"तसं नाही, आपा." तो आईकडे न बघता म्हणाला, "उद्या ही बिघडली, तर आई तुझी दुसरीही मागायला येईल."

आईनं डोक्यावरचा रुमाल सोडला आणि पुन्हा बांधला.

झुलखुमोर उठली, तपासणीच्या पलंगावर जाऊन उजव्या कुशीवर वळली आणि डावीकडचा झगा वर सरकवला.

"डॉक्टर, पेन घ्या. इथं खूण करा. आईसमोर करा."

"खूण ऑपरेशनच्या दिवशी करतात हो."

"तेव्हा पुन्हा करा."

डॉक्टरांनी निळा बाण काढला. आई जवळ आली. बराच वेळ तो बाण बघत उभी राहिली. मग तिनं लेकीचा झगा हळूच खाली ओढला.

"थंडी आहे," ती म्हणाली. तिचा हात मात्र तिथून हलला नाही.